कॉन्कीतला पहिला पॅच: आकडा चुकतो कुठे?

टर्मिनलमधल्या टॉपमध्ये एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्राम ३८० टक्के सीपीयू खाताना दिसतोय आणि डेस्कटॉपच्या कोपऱ्यातला कॉन्की, म्हणजे मशीनचे आकडे दाखवणारा सिस्टिम मॉनिटर, त्याच क्षणी ९५ म्हणतोय. खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. लॅपटॉपला चार कोअर आहेत. टॉप एका कोअरला शंभर धरतो, कॉन्की चारही कोअर मिळून शंभर धरतो. ३८० भागिले ४, झाले ९५. कॉन्कीच्या सेटिंगमध्ये 'टॉप सीपीयू सेपरेट' चालू केलं की तोही ३८० दाखवायला लागतो. मला सापडलेला पहिला 'बग' हाच होता. रिपोर्ट लिहून तयार होता, पाठवायच्या आधी सहज मॅन्युअल उघडलं म्हणून अब्रू वाचली.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. सिस्टिम मॉनिटर बाहेरून कितीही गुंतागुंतीचा दिसो, तो कामं तीनच करतो: कर्नलकडून (लिनक्सच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामकडून) आकडे वाचतो, त्यांच्यावर थोडं गणित करतो आणि उत्तर पडद्यावर दाखवतो. बग आला की कोड उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: चूक वाचण्यात आहे, मोजण्यात आहे की दाखवण्यात? याचं उत्तर मिळालं की हजारो ओळींच्या कोडमधल्या वीस-तीस ओळीच आपल्या कामाच्या उरतात.

ज्यांना थोडंफार सी किंवा सी प्लस प्लस येतं, लिनक्स रोजच्या वापरात आहे, पण ज्यांनी अजून कुठल्याही प्रकल्पाला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करायची.

कॉन्कीच का

टॉर्स्मो नावाचा एक छोटा मॉनिटर होता. २००५ मध्ये त्याच्यापासून फुटून कॉन्की निघाला. आज तो सी प्लस प्लसमध्ये आहे, कॉन्फिगरेशन लुआ भाषेत आहे, परवाना जीपीएल ३ आहे आणि कोड गिटहबवर आहे. लिनक्सबरोबर तो बीएसडी घराण्यातल्या सिस्टिमवरही चालतो.

नवख्याला तो सोयीचा पडतो याचं कारण त्याची रचना. कॉन्कीत जे काही दिसतं ते 'व्हेरिएबल'मधून येतं: अपटाइमचं एक, मेमरीचं एक, बॅटरीचं एक, अशी शेकडो. प्रत्येक व्हेरिएबल म्हणजे जवळजवळ स्वतंत्र खोली. एका खोलीत दुरुस्ती करताना बाकीचं घर हलवावं लागत नाही. ग्नोम किंवा केडीईच्या मॉनिटरमध्ये हात घालायचा तर आधी त्यांचं टूलकिट, विजेट आणि सिग्नल समजून घ्यावे लागतात. तेही शिकावं, पण पहिल्याच पॅचला नको.

आधी वापरा, मग तोडा

आपल्या डिस्ट्रोच्या (उबंटू, डेबियन वगैरे) पॅकेजमधून कॉन्की टाका आणि चार-आठ दिवस खरोखर वापरा. कॉन्की चालवताना पुढे उणे चिन्ह आणि कॅपिटल सी दिला की तो मूळ कॉन्फिगरेशन छापून देतो. ते घरच्या डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये साठवा आणि त्यात खेळा. १.१० आवृत्तीपासून या फाइलीचे दोन भाग असतात. एका भागात सेटिंग: खिडकी कुठे, फाँट कोणता, किती सेकंदांनी ताजं करायचं. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष मजकूर, ज्यात डॉलर चिन्ह लावून व्हेरिएबल लिहितात. फाइल सेव्ह केली की कॉन्की ती आपणहून पुन्हा वाचतो.

बग शोधायला याहून कामाच्या दोन सेटिंग आहेत: 'आउट टू एक्स' बंद करणं आणि 'आउट टू कन्सोल' चालू करणं. असं केलं की डेस्कटॉपवर काही न रंगवता सगळा मजकूर टर्मिनलमध्ये येतो. आकडा डेस्कटॉपवर चुकीचा पण टर्मिनलमध्ये बरोबर असेल, तर चूक दाखवण्यात आहे. दोन्हीकडे चुकीचा असेल, तर रंगवणारा कोड विसरा. एका झटक्यात एक तृतीयांश जागा बाद.

बिल्ड

यात रमू नका. गिटहबवर फोर्क करा (आपल्या खात्यात प्रकल्पाची प्रत काढा), आपल्या फोर्कचं क्लोन घ्या (ती मशीनवर उतरवा) आणि मुख्य ब्रँचला हात न लावता कामासाठी वेगळी ब्रँच काढा. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं, सीमेक या साधनावर चालतं. एक्स-११, एक्सएफटी, लुआ, एनकर्सेस अशा लायब्ररींची हेडर लागतात. डेबियन किंवा उबंटूवर सोर्स रिपॉझिटरी चालू करून 'अ‍ॅप्ट बिल्ड-डेप कॉन्की' म्हटलं की बहुतेक सगळं एका फटक्यात येतं. तरी सीमेक एखाद्या लायब्ररीसाठी अडलाच, तर त्याचा शेवटचा एरर वाचू नका, पहिला वाचा. पुढचे दहा एरर त्याचीच पिल्लं असतात.

डीबग प्रकारचं बिल्ड करा आणि बिल्ड फोल्डरमधलाच कॉन्की पूर्ण पाथ देऊन चालवा. हे मुद्दाम सांगतोय. एकदा मी कोडमध्ये बदल करतोय, पुन्हा बिल्ड करतोय आणि पडद्यावर ढिम्म काही बदलत नाहीये, असं तासभर चाललं होतं. चालवत होतो तो डिस्ट्रोनं टाकलेला जुना कॉन्की. तेव्हापासून सुरुवातीलाच उणे व्ही देऊन आवृत्ती बघतो. त्यात कुठल्या सोयींसह बिल्ड झालंय हेही छापलेलं असतं. तो मजकूर बग रिपोर्टमध्ये जसाच्या तसा लागतो.

बग कसा निवडायचा

गिटहबवरच्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींच्या, यादीत 'गुड फर्स्ट इश्यू' लेबलाचे असतील तर तिथून सुरुवात करा, पण लेबल हाच एक निकष नको. मी तीन गोष्टी बघतो. बग माझ्या मशीनवर मला पुन्हा घडवता येतोय का? तो एकाच व्हेरिएबलपुरता आहे का? आणि 'बरोबर उत्तर काय' यावर वाद नाही ना? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. 'मेमरी जास्त दाखवतो' अशा तक्रारीत बरोबर उत्तरावरच चार मतं असतात. त्यात पडलात की पहिला पॅच वर्षभर लटकतो.

पुन्हा घडवताना रिपोर्ट करणाऱ्याचं दोनशे ओळींचं, गोल कड्या आणि घड्याळांनी सजलेलं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं चालवू नका. निम्मं उडवा. बग टिकला? आणखी निम्मं उडवा. शेवटी तीन-चार ओळी उरतात. कधी कधी हे करतानाच कळतं की दोष कॉन्कीचा नव्हता, त्याच्या कॉन्फिगरेशनमधल्या एखाद्या शेल स्क्रिप्टचा होता. तेवढं इश्यूत नीट लिहिलंत तरी मेंटेनरचं (प्रकल्प सांभाळणाऱ्याचं) एक काम वाचलं. कोडची एक ओळही न लिहिता केलेली ही मदत खरी मदत असते.

वाचणं: कर्नलच्या मजकुरी फाइली

लिनक्समध्ये बहुतेक सगळे आकडे '/प्रोक' आणि '/सिस' या दोन झाडांखाली साध्या मजकुरात मिळतात. या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला गेलं की कर्नल त्या त्या क्षणी लिहून देतो. म्हणून कोडवर शंका घेण्याआधी 'कॅट' करून फाइल स्वतः बघायची. अपटाइम बघा: '/प्रोक/अपटाइम'मध्ये दोनच आकडे, पैकी पहिला मशीन सुरू होऊन झालेले सेकंद.

तापमान '/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन'खाली असतं आणि ते अंशाच्या हजाराव्या भागात असतं, म्हणजे ४५००० म्हणजे ४५ अंश सेल्सिअस. इथे नवख्यांना एक जुनं भूत भेटतं: तिथल्या उपकरणांचे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. काल दोन नंबरला प्रोसेसर होता, आज तिथे एसएसडी. 'रात्रीत तापमान वीस अंशांनी उतरलं' अशी तक्रार वाचली की आधी त्या फोल्डरमधली 'नेम' फाइल बघायला सांगा. इंटेलवर तिथे कोअरटेम्प लिहिलेलं असतं, अलीकडच्या एएमडीवर के-१०-टेम्प.

बॅटरीची गंमत वेगळी. काही लॅपटॉप उरलेली ऊर्जा 'एनर्जी नाऊ' या फाइलीत मायक्रोवॉट-तासांत देतात. काहींमध्ये ती फाइलच नसते, त्याऐवजी 'चार्ज नाऊ' असते, मायक्रोअँपिअर-तासांत. एकाच प्रकारच्या लॅपटॉपवर तपासून लिहिलेला कोड दुसऱ्यावर शून्य टक्के दाखवतो. असे बग नवख्यांना उत्तम, कारण ते सोडवायला हुशारी कमी आणि तो लॅपटॉप हाताशी असणं जास्त लागतं.

वाचण्यातला एक अभिजात बग जवळून बघू. प्रत्येक प्रोसेसची माहिती '/प्रोक', मग तिचा क्रमांक, मग 'स्टॅट' या फाइलीत एका ओळीत असते: आधी क्रमांक, मग कंसात नाव, मग स्थितीचं एक अक्षर, मग आकड्यांची लांबलचक माळ. सगळे भाग स्पेसने तोडलेले. मग स्पेसवर तोडावं आणि चौदावा, पंधरावा भाग घ्यावा, तिथे सीपीयूवर घालवलेला वेळ आहे. सोपं वाटतं ना? आता टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम, चालू करा. त्याच्या सर्व्हर प्रोसेसचं नाव 'टीमक्स: सर्व्हर' असं आहे, मध्ये स्पेस. एक भाग वाढला, पुढचे सगळे आकडे एक घर सरकले आणि मॉनिटरनं भलताच आकडा सीपीयू म्हणून दाखवला. बरं, पहिल्या बंद कंसापर्यंत नाव धरलं तर? नावातच बंद कंस ठेवणारा कोणीतरी निघतोच. खात्रीचा मार्ग एकच: ओळीतला शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्यानंतरच मोजायला लागायचं. त्या कंसापुढे फक्त आकडे आणि ते एक अक्षर असतं, म्हणून हे चालतं.

त्याच फाइलीबद्दल आणखी एक. प्रोसेसची यादी घेणं आणि तिची फाइल उघडणं यांच्या मधल्या क्षणात प्रोसेस मरू शकते. फाइल उघडली नाही तर ती चूक नव्हे, रोजची घटना आहे. कोडनं गुपचूप पुढे जायला हवं, एरर छापत बसायला नको.

मोजणं: दोन वेळांमधला फरक

सीपीयूचे टक्के कर्नल देतच नाही. '/प्रोक/स्टॅट'च्या पहिल्या ओळीत मशीन सुरू झाल्यापासून प्रत्येक प्रकारच्या कामाला कर्नलच्या घड्याळाचे किती ठोके गेले एवढंच असतं: युजर, नाइस, सिस्टिम, आयडल, आय-ओ-वेट वगैरे. सेकंदाला साधारणपणे १०० ठोके, प्रत्येक कोअरचे वेगळे. टक्के काढायला दोनदा वाचून वजाबाकी करावी लागते.

कागदावर करून बघा. चार कोअर, दोन सेकंदांचं अंतर. पहिल्या वाचनात एकूण ८०,००० ठोके, त्यातले ७२,००० रिकामे. दुसऱ्या वाचनात एकूण ८०,८०० आणि रिकामे ७२,६००. फरक ८००, रिकाम्यांचा फरक ६००. म्हणजे काम २०० ठोके, २५ टक्के. एकूण फरक ८०० आला हीच पडताळणी आहे: ४ कोअर, २ सेकंद, १०० ठोके. तो ८०० च्या आसपास नसेल तर मोजणी आधीच बिघडलेली आहे.

या छोट्या गणितात बग लपायला बरीच भोकं आहेत. पहिल्या वाचनाला वजा करायला मागचं काही नसतं. तिथे शून्य दाखवायचं की बूटपासूनची सरासरी? डिस्कची वाट बघण्यातला वेळ, म्हणजे आय-ओ-वेट, कामात धरायचा की रिकाम्यात? कॉन्की रिकाम्यात धरतो. दुसरं साधन कामात धरत असेल तर डिस्क घासत असताना दोघांत दहा-वीस टक्क्यांचा फरक पडतो आणि नवा इश्यू उगवतो. लॅपटॉप झोपून उठला, एखादा कोअर बंद झाला, तर फरक उणे येऊ शकतो. तो चिन्हरहित पूर्णांकात साठवला की उण्याचा अब्जावधी होतो. पडद्यावर एखादा अचाट आकडा क्षणभर चमकून गेल्याची तक्रार आली, तर माझा पहिला संशय इथे.

क्रमांकांचाही घोळ आहे. कर्नल पहिल्या कोअरला सीपीयू-० म्हणतो. कॉन्कीत सीपीयू-० म्हणजे सगळे मिळून आणि पहिला कोअर म्हणजे सीपीयू-१. चूक नाही, ठरवून केलेलं आहे. पण कोड वाचताना हे डोक्यात नसेल तर तुम्ही 'दुरुस्ती' करून जगभरची कॉन्फिगरेशन मोडून ठेवाल.

नेटवर्कचं तेच तंत्र: '/प्रोक/नेट/डेव्ह'मधून बाइट, दोन वाचनं, फरक भागिले वेळ. इथली नेहमीची तक्रार म्हणजे '१०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, कॉन्की बारापण दाखवत नाही'. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, आणि १०२४ च्या हिशेबात ११.९ मेबीबाइट. प्रेमानं समजवा आणि इश्यू बंद करा.

मेमरीचा वाद मात्र खरा आहे. लिनक्स मोकळी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो. ती 'वापरलेली' मानायची की नाही यावर दोन साधनांचं कधी एकमत होत नाही. ३.१४ पासून कर्नल 'मेम-अव्हेलेबल' हा स्वतःचा अंदाज देतो. कॉन्कीत 'नो बफर्स' हे सेटिंग याचसाठी आहे. पहिल्या पॅचसाठी हा भाग टाळा असं मी वर म्हटलंच.

दाखवणं: आणि आपली देवनागरी

कॉन्फिगरेशनमध्ये वाराचं नाव टाका आणि लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) मराठी-भारत करून कॉन्की चालवा. देवनागरी नीट जोडणाऱ्या टर्मिनलमध्ये 'रविवार' येतो. एक्स-११ या जुन्या पडदा-व्यवस्थेच्या डेस्कटॉपवर मात्र पहिली वेलांटी व च्या आधी येण्याऐवजी व च्या पुढे जाऊन बसते. शुक्रवारी तर क्र जुळतच नाही, पाय मोडलेला क आणि शेजारी पूर्ण र उभा. वाचलं बरोबर, मोजलं बरोबर, दाखवताना बिघडलं. कारण असं की इथे मजकूर एक्सएफटी रंगवतं आणि एक्सएफटी एकेक अक्षरचिन्ह आलं त्या क्रमानं मांडतं. वेलांटी डावीकडे न्यायची, जोडाक्षर घडवायचं, हे काम त्याला येत नाही. ते हार्फबझसारख्या लायब्ररीचं काम, आणि मजकूर मांडणारं पँगो ती वापरतं.

वेलँडवर, म्हणजे एक्स-११ ची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, रंगवणारा कोड पँगोवर आहे, म्हणून तिथे हा प्रश्न येऊ नये. ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्यानं एकाच कॉन्फिगरेशनचे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून इश्यू लिहावा. इंग्रजी मजकूर वापरणाऱ्या मेंटेनरला हे कधी दिसणारच नाही; मराठी, हिंदी, बंगाली वाचणाऱ्यालाच दिसणार. दुरुस्ती मोठी आहे, पहिल्या पॅचची नाही. पण नेमका, पुराव्यासह लिहिलेला रिपोर्ट पुढे कोणालातरी दुरुस्तीची दिशा देतो.

वेलँडवर आणखी एक नेहमीची तक्रार: ग्नोममध्ये कॉन्कीची खिडकी वॉलपेपरला चिकटून बसत नाही. कॉन्की त्यासाठी 'लेअर शेल' नावाचा प्रोटोकॉल वापरतो आणि ग्नोमच्या खिडक्या मांडणारा मटर तो देत नाही. हे कॉन्कीच्या कोडमध्ये शोधत बसलात तर आठवडा गेला. एक्सवर चित्र लुकलुकत असेल, तर 'डबल बफर' चालू आहे का ते बघा. दहातल्या नऊ वेळा तेवढंच निघतं.

नवी सोय: एक व्हेरिएबल लिहून बघू

आधी स्वतःला विचारा, ही सोय गाभ्यात हवी आहे का? ज्या गोष्टी मिनिटातून एकदा बघायच्या त्या 'एक्झेकआय'नं बाहेरची आज्ञा चालवून किंवा लुआच्या छोट्या फंक्शननं भागतात. गाभ्यात ते न्यावं जे अनेकांना लागतं आणि सेकंदाला वाचावं लागतं.

सरावाला एक चांगला विषय सुचवतो. कर्नल ४.२० पासून '/प्रोक/प्रेशर'खाली सीपीयू, मेमरी आणि आय-ओ अशा फाइली असतात. कामं साधनांअभावी किती वेळ अडून राहिली ते त्या सांगतात. मेमरीच्या फाइलीत दोन ओळी: काही कामं अडली होती त्याची एक, सगळीच अडली होती त्याची दुसरी. प्रत्येकीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी टक्क्यांत आणि शेवटी एकूण मायक्रोसेकंद. मशीन 'हँग' होतंय असं वाटतं तेव्हा सीपीयूच्या टक्क्यांपेक्षा हा आकडा जास्त बोलका असतो. पाठवायचा विचार असेल तर आधी जुने इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) धुंडाळा. कोणी सुरुवात केलेली असू शकते.

कोडमध्ये कुठे जायचं? फोल्डरची नावं पाठ करू नका, आवृत्तीगणिक फाइली हलतात. त्यापेक्षा सगळ्यात साधं व्हेरिएबल धरा, अपटाइम, आणि 'गिट ग्रेप' करून ते कुठे कुठे येतं त्याची यादी काढा. लिनक्ससाठीच्या फाइलीत आकडा वाचणारं फंक्शन सापडेल. कोअर नावाच्या फाइलीत 'ओबीजे' या मॅक्रोनं सुरू होणारा चार ओळींचा तुकडा सापडेल, जो 'हे नाव आलं की हे फंक्शन चालव' एवढंच सांगतो. छापणारं फंक्शन सापडेल. आणि डॉक फोल्डरमधल्या यॅमल फाइलीत वापरणाऱ्यासाठी वर्णन सापडेल. नव्या व्हेरिएबलला या चारही जागा भराव्या लागतात. अपटाइमच्या पावलावर पाऊल टाकत जा.

आपल्या व्हेरिएबलला पुढे शब्द द्यावे लागतील: कोणतं साधन, किती सेकंदांची सरासरी. त्यासाठी 'ओबीजे आर्ग' हा मॅक्रो आहे. शब्द दिला नाही तर तो ठरलेला एरर देतो. ते शब्द कॉन्फिगरेशन वाचतानाच एकदा उलगडून ऑब्जेक्टमध्ये ठेवायचे. दर वेळी ताजं करताना पुन्हा उलगडायचे नाहीत. छापणाऱ्या फंक्शनला बफर आणि त्याची मर्यादा मिळते. 'एसएनप्रिंटएफ'ला तीच मर्यादा द्यायची, अंदाजे २५६ नाही.

आता खाचखळगे. ही फाइल सगळ्यांकडे नसते. काही कर्नलमध्ये ती सोय बूट करताना मुद्दाम चालू करावी लागते. फाइल नाही तर कोसळायचं नाही आणि दर सेकंदाला एररही छापायचा नाही, एकदा सांगून गप्प बसायचं. बीएसडीवर हे अस्तित्वातच नाही, म्हणून तुमचा कोड लिनक्सच्या 'इफडेफ'मध्ये ठेवायचा, नाहीतर दुसऱ्याचं बिल्ड मोडेल. आणि एक फसवा खड्डा: ०.५२ सारखा अपूर्णांक 'एसटीआरटॉड'नं वाचताना लोकेल आडवं येऊ शकतं. जर्मन लोकेलमध्ये दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं, त्यामुळे टिंबाशी वाचन थांबतं आणि हाती शून्य येतं. आपल्याकडे टिंबच असल्यामुळे हा बग आपल्या मशीनवर कधी दिसणार नाही. एकदा जर्मन लोकेल लावून चालवा.

शेवटची तपासणी मेमरीगळतीची. एडिटर आपण रोज बंद करतो, कॉन्की आठवडेच्या आठवडे चालतो. दर सेकंदाला १०० बाइट सांडले तर दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ८६ लाख ४० हजार बाइट. महिनाभरात २५० एमबीच्या वर. ताजं करायचं अंतर कमी करून, गळती शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडखाली दहा मिनिटं चालवा, शिवाय अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून एकदा बिल्ड करा. आणि टॉप उघडून कॉन्की स्वतः किती सीपीयू खातोय तेही बघा. गर्दी मोजायला आलेल्यानंच रस्ता अडवू नये.

पाठवणं

कमिट करण्याआधी 'गिट डिफ' शांतपणे वाचा. एका दुसऱ्या प्रकल्पात माझ्या एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाइल आपल्या पद्धतीनं सजवली आणि तीन ओळींची दुरुस्ती नऊशे ओळींच्या बदलात बुडाली. मेंटेनरनं फक्त एवढंच विचारलं, 'यातला तुमचा बदल कोणता?' कॉन्कीच्या रिपॉझिटरीत क्लँग-फॉरमॅटची फाइल आहे. एडिटरला तीच वापरायला सांगा आणि सजावट फक्त आपण बदललेल्या ओळींपुरती ठेवा. टेस्ट चालू करून बिल्ड करा आणि त्या पास होतात का बघा. नाव उलगडण्यासारखं शुद्ध मजकुराचं काम असेल तर त्याची छोटी टेस्टही लिहा. वर सांगितलेला कंसाचा बग टेस्टला अगदी योग्य, चार नावं पुरतात.

पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट असावी. दुरुस्ती करताना शेजारी दिसलेली स्पेलिंगची चूक वेगळी पाठवा. वर्णनात काय लिहावं याचा साचा मी असा ठेवलाय: आधी काय दिसत होतं, आता काय दिसतं, कारण काय होतं, कुठल्या मशीनवर तपासलं. 'कारण काय होतं' या ओळीत वाचणं, मोजणं की दाखवणं हे सांगितलं की परीक्षण करणाऱ्याची नजर थेट योग्य जागी जाते. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, तुटकही चालतं. आकडे मात्र हवेत.

मग वाट बघायची. मेंटेनर नोकरी सांभाळून हे करतात. आठवडाभर उत्तर आलं नाही म्हणून रोज आठवण करू नका. दोन-तीन आठवड्यांनी एक ओळ पुरे. सूचना आल्या की त्याच ब्रँचवर बदल करून पुश करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. मधल्या काळात मुख्य ब्रँच पुढे गेली तर रीबेस करा, म्हणजे आपला बदल तिच्या ताज्या टोकावर बसवा. आपोआप चालणारं बिल्ड मॅकवर किंवा एखादी सोय बंद ठेवलेल्या बिल्डमध्ये लाल झालं, तर घाबरायचं नाही. बहुतेकदा एखादा 'इफडेफ' राहिलेला असतो.

मर्ज झाल्यावर, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला गेल्यावर, तुमचा बदल डेबियन किंवा उबंटूच्या पॅकेजमध्ये लगेच येणार नाही. आधी नवी आवृत्ती निघायला हवी, मग डिस्ट्रोनं ती घ्यायला हवी. तोवर ती ब्रँच पुसून टाका, मुख्य ब्रँच ओढून घ्या, नव्यानं बिल्ड करा आणि घरच्या मशीनवर तोच कॉन्की चालू राहू द्या. पुढचा बग बहुधा तिथेच, कोपऱ्यात बसलेला सापडेल.